चिरे भरले की पिकअपची मागची बाजू बसते : आणखी पाटे वाढवावेत की दुसरे काही करावे?

खाडीपलीकडचा

नमस्कार. माझ्याकडे १.३ टन पासिंगची, आठ वर्षे वापरलेली पिकअप आहे. देवगड तालुक्यात आमची थोडी कलमे आहेत, त्यामुळे मार्च ते मे या काळात गाडी आंब्याच्या पेट्या घेऊन तळेरे, वैभववाडी आणि करूळ घाटाने कोल्हापूरला जाते. उरलेले वर्षभर ती गावातल्या बांधकामांसाठी जांभा चिरा (जांभ्या दगडाचा घडीव ठोकळा), सिमेंट आणि बागांसाठी खत वाहते. आंब्याच्या खेपेला फारशी तक्रार नसते. चिरे भरले की मात्र मागची बाजू इतकी बसते, की साध्या खड्ड्यातही एक्सल वरच्या रबरी स्टॉपरवर आपटल्याचा आवाज येतो, सुकाणू हलके लागते आणि रात्री समोरून येणारे चालक माझे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून बोंब मारतात.

दोन वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये मागच्या एक्सलवर भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडीत दोन्ही बाजूंना एकेक जाड पट्टी, म्हणजे पाटा, वाढवून घेतला होता. सहा महिने बरे गेले, नंतर गाडी पुन्हा बसू लागली आणि आता तर उजवी बाजू डावीपेक्षा खाली दिसते. याहून काळजीची गोष्ट अशी, की गेल्या जूनमध्ये कोल्हापूरहून रिकामी गाडी घेऊन परतताना घाटातल्या एका वळणावर मी नेहमीसारखाच ब्रेक लावला, तर मागची बाजू चक्क बाहेरच्या अंगाला सरकली. रस्ता ओला होता आणि दरडीची लाल माती वाहून आलेली होती हे खरे, पण हा घाट मी पंधरा पावसाळे उतरलो आहे.

आता कोणी आणखी दोन पाटे टाकायला सांगतो, तर एक मित्र हवेच्या पिशव्या बसव म्हणून मागे लागला आहे. पैसे एकदाच घालायचे आहेत. जाणकारांनी कृपया सांगावे.

कमानपट्टी

मी कुडाळच्या बाजूला तीस वर्षे पाट्यांचेच काम केले, आता मुलगा दुकान पाहतो. माझे उस्ताद म्हणायचे, "गाडी बसता म्हणान पाटो घालूक जाव नको, आधी कित्याक बसता ता बघ." आपल्या प्रश्नात एक नव्हे, तीन वेगवेगळे आजार आहेत असे मला वाटते, म्हणून औषध सांगण्याआधी आपण पुढील मापे घ्यावीत ही विनंती.

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा भरलेल्या गाडीचे. त्यानंतर वजनकाट्यावर जाऊन पूर्ण गाडीचे वजन करावेच, पण फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि फक्त मागची चाके ठेवून अशी आणखी दोन वजने घ्यावीत. काटेवाला कंटाळा करतो. त्याला चहा पाजावा. शिवाय गाडीखाली टॉर्च घेऊन जावे, प्रत्येक पाट्याची कड बोटाने चाचपावी, जुडी एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांभोवती गंजाची ताजी लाल रेघ दिसते का ते पाहावे आणि पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलमधले बुश खाऊन गेले आहेत का ते पहारीने हलवून बघावे.

मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या पाइपवर, चेसिसला बसवलेला एक व्हॉल्व असतो आणि त्यापासून एक दांडी एक्सलच्या हौजिंगपर्यंत गेलेली असते. त्या दांडीचा फोटो अवश्य टाकावा.

घाटमाथा

एवढा काथ्याकूट कशासाठी, हे मला समजले नाही. मी स्वतः चिऱ्यांचीच वाहतूक करतो. आमच्या खाणीवर येणाऱ्या एकूण एक पिकअपला वाढीव पाटे आहेत, कारण कंपनीने दिलेल्या पाट्यांवर ही गाडी आमच्या धंद्यात टिकूच शकत नाही. जाड पाटा चांगल्या पोलादाचा असावा आणि सोबत नवे यू-बोल्ट घालावेत, एवढे केले की पाच वर्षे बघावे लागत नाही. रिकामी गाडी थोडी उडते हे मान्य, परंतु रिकाम्या गाडीचे भाडे कोणी देत नाही.

यंत्रवेडी

मी रत्नागिरीला राहते. यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि घरच्या दोन पिकअपमुळे ती रोज वापरावीही लागते. घाटमाथा यांचा अनुभव मी नाकारत नाही, फक्त पाटा वाढवल्यावर प्रत्यक्ष काय घडते ते मांडते.

पाट्याचा ताठरपणा त्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर जाडी सव्वापट होते आणि ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. ८ मिलिमीटरच्या पाच पाट्यांच्या जुडीत त्याच लांबीचा १० मिलिमीटरचा एक पाटा घातला, की एकच पाटा वाढला असे वाटते, प्रत्यक्षात दोन पाट्यांची भर पडलेली असते आणि जुडी ठोकळमानाने चाळीस टक्के ताठ होते. हे ऐकायला चांगले वाटते. परंतु सगळे पाटे एकत्र बांधलेले असल्यामुळे ते सारखेच वाकतात, आणि सारखे वाकताना जाड पाट्यावर येणारा ताण पातळ पाट्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे वाढवलेला जाड पाटा आधी थकतो. तो आखूड असेल, तर त्याचे टोक जिथे संपते तिथे वरच्या पाट्यावर एकाच रेषेत दाब येतो आणि वरचा पाटा बरोबर त्या रेषेवर चिरतो. खाडीपलीकडचा यांच्या गाडीची एक बाजू बसली आहे, म्हणून तिथे काहीतरी तुटले असावे असा माझा अंदाज आहे.

कंपनीच्या जुडीत तळाशी जे एक-दोन जाड, जवळजवळ सपाट पाटे असतात, म्हणजे ज्यांना आपण हेल्पर म्हणतो, त्यांची योजना वेगळी असते. ते रिकाम्या गाडीत नुसते बसून राहतात आणि भार वाढून वरची कमान सपाट होऊ लागली की मगच कामाला येतात, त्यामुळे रिकामी गाडी मऊ आणि भरलेली गाडी ताठ राहते. गॅरेजवाला जेव्हा मधेच एक कमानदार जाड पाटा सरकवतो तेव्हा ही दोन टप्प्यांची रचना मोडते आणि गाडी सदासर्वकाळ ताठच राहते.

हौद्यात चिरे कुठे रचता, हेही सांगावे.

खाडीपलीकडचा

आपल्या सर्वांच्या सूचनेप्रमाणे दोन दिवस घालवले. चहा दोनदा पाजावा लागला.

नोंदणीपत्रावर गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो, कमाल एकूण वजन ३,००० किलो आणि मागच्या एक्सलवरचे कमाल वजन १,९५० किलो असे लिहिले आहे. हौद्यावर मी नंतर लोखंडी सांगाडा चढवला आहे, तो १२० किलोचा भरला. मी आणि सोबतचा गडी मिळून १३० किलो. असे आम्ही दोघे आणि सांगाडा धरून रिकामी गाडी १,९५० किलो भरली. त्यातले पुढच्या चाकांवर १,०८० आणि मागच्या चाकांवर ८७० किलो.

नंतर नेहमीप्रमाणे ४५ चिरे भरले. पावसात भिजलेला चिरा काट्यावर सरासरी ३२ किलो भरला, कोरडा ३० किलो भरतो. पूर्ण गाडी ३,३९० किलो झाली. पुढच्या चाकांवर ९८४ आणि मागच्या चाकांवर २,४०६ किलो. पुढचे वजन भरल्यावर कमी कसे झाले, हे पाहून मी काटेवाल्याला पुन्हा वजन करायला लावले, तेव्हाही तेवढेच आले.

चिरे आम्ही फाळक्याकडून, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडत्या फळीकडून, रचत येतो, कारण उतरवायला सोपे जाते.

उंचीचे माप असे, की रिकाम्या गाडीत डावीकडे ५६५ आणि उजवीकडे ५४० मिलिमीटर; भरल्यावर दोन्हीकडे स्टॉपरला टेकलेली. ब्रेकच्या व्हॉल्वची दांडी सापडली. ती एक्सलपासून सुटी करून वर ओढून चेसिसला जाड तारेने बांधून ठेवलेली आहे. मी ती बांधलेली नाही.

यंत्रवेडी

पुढचे वजन कमी होण्यात काट्याचा दोष नाही. हिशेब सोपा जावा म्हणून आपल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरू. आपल्या ४५ चिऱ्यांचे वजन १,४४० किलो आहे आणि त्या भाराचा मध्य मागच्या एक्सलच्याही सुमारे २० सेंटिमीटर मागे पडत असावा. अशा वेळी एक्सल हा तराजूच्या मधल्या टेकूसारखा होतो आणि मागच्या चाकांवर १,४४० नव्हे, तर १,५३६ किलो येतात; वरचे ९६ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. आपल्या आकड्यांशी हे तंतोतंत जुळते. सुकाणू हलके का लागते आणि दिवे आभाळाकडे का जातात, याचे उत्तर इथेच आहे, त्यात पाट्याचा दोष फार थोडा.

तेच चिरे पुढच्या फळीला टेकवून असे रचले, की भाराचा मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे येईल, तर भाराचा दहावा हिस्सा पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे एक पैसाही न घालता, केवळ रचण्याची जागा बदलून, १,४४० किलोंच्या भारातले सुमारे २४० किलो मागच्या एक्सलवरून कमी होतात.

टायरही पाहा. बाजूवर मापाच्या पुढे १०८/१०६ असा आकडा असतो. १०८ म्हणजे एकेरी बसवलेल्या त्या टायरने पूर्ण हवेत १,००० किलो पेलायचे. मागची दोन टायर मिळून २,००० किलो होतात आणि आपण त्यांवर २,४०६ ठेवले होते. पाटे कितीही घातले तरी हा आकडा बदलत नाही, आणि एक्सलच्या बेअरिंगचेही तसेच आहे.

कमानपट्टी

तारेने बांधलेली दांडी वाचून मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. अशा किती तरी गाड्या मी पाहिल्या आहेत.

हा व्हॉल्व मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते गाडीवरच्या भारानुसार ठरवतो. त्याला वजन कळत नाही, कळते फक्त चेसिस आणि एक्सल यांमधले अंतर. गाडी भरली की चेसिस खाली येते, अंतर कमी होते, दांडी फिरते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढते आणि तो मागचा दाब कमी करतो, कारण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते आणि तिथे पूर्ण दाब दिला तर चाके जागच्या जागी अडकून घसरतात.

आता पाटा वाढवला की काय होते ते पाहा. गाडी दोन बोटे उंच झाली, भार घातल्यावरही ती पूर्वीइतकी खाली येत नाही, त्यामुळे व्हॉल्वला भरलेली गाडी अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि घाट उतरताना सगळे काम पुढच्या ब्रेकवर पडते, ते तापतात, वास येतो, पेडल मऊ होते. चालक तक्रार घेऊन परत येतो. तेव्हा योग्य काम म्हणजे कंपनीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे दांडी नव्याने जुळवणे. परंतु त्याला वेळ लागतो, म्हणून कोणी तरी ती वर ओढून बांधून टाकतो. मग व्हॉल्वला गाडी कायमचीच भरलेली वाटते. भरल्या गाडीत ब्रेक छान लागतात, गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि पहिल्या पावसात रिकामी गाडी घाटात आडवी होते.

आपली गाडी जूनमध्ये सरकली ती यामुळे, आणि त्यात वाढीव पाट्याने ताठ झालेली रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर उड्या मारत असल्यामुळे चाकांची पकड आणखी कमी झाली असणार. ती तार आजच सोडावी आणि दांडी जुळवून होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. पाट्यांचे नंतर पाहू.

घाटमाथा

दांडीचा मुद्दा मला मान्य आहे, तो मला माहीत नव्हता. परंतु भाराच्या बाबतीत आपण सगळे कागदावर बोलत आहात. ४५ चिऱ्यांऐवजी ३५ चिरे न्यायचे म्हटले, तर ३१५ चिऱ्यांच्या कामाला सातऐवजी नऊ खेपा होतात. गिऱ्हाईक चिऱ्यामागे भाव ठरवते, खेपेमागे नाही. वाढलेल्या दोन खेपांचे डिझेल आणि हमाली कोण देणार?

खाडीपलीकडचा

आपले म्हणणे मला पूर्ण पटते, कारण मीही त्याच हिशेबाने ४५ चिऱ्यांपर्यंत पोहोचलो होतो. पण दोन वर्षांत मी मागच्या टायरची एक जोडी वेळेआधी बदलली, दोन शॉकअप गेले, एकदा मागच्या चाकाचे बेअरिंग गेले आणि वाढीव पाट्याचा खर्च वेगळा. वहीत बेरीज केली तेव्हा वाचवलेल्या खेपांचे पैसे त्यात कुठे गेले ते दिसले. आपल्या मार्गावर घाट नसेल तर आपली बेरीज वेगळी येईल, हेही मी मान्य करतो.

पासिंगदिन

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण गाड्यांच्या योग्यता तपासणीच्या कामात माझे रोजचे जाणे-येणे असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मर्यादेबाहेर भार नेल्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. पाटे वाढवल्याने नोंदणीपत्रावरचे वजन एक किलोनेही वाढत नाही. कलम ५२ खाली, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२ अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या पाट्यांच्या जागी त्याच क्रमांकाची मूळ जुडी घालणे म्हणजे दुरुस्ती. त्याला कोणी हरकत घेत नाही. त्यापलीकडचे काही बसवायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे. आणि आठ वर्षे झालेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी तपासणीसाठी जावेच लागते, तेव्हा तारेने बांधलेली दांडी निरीक्षकाला दिसणार नाही, असे समजू नये.

बर्फगाडी

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराहून आंबा घाटाने मासळी नेतो. हवेच्या पिशव्या आणि रबरी हेल्पर मी दोन वेगवेगळ्या गाड्यांवर वापरले आहेत, म्हणून लिहितो.

रबरी हेल्पर म्हणजे मूळ स्टॉपरच्या जागी बसणारा जाड, पोकळ रबराचा ठोकळा. गाडी रिकामी असताना तो कशालाही टेकत नाही, गाडी भरून खाली आली की हळूहळू दाबला जातो आणि एक्सल लोखंडावर आपटू देत नाही. त्यात हवा नाही, पाइप नाही, बिघडण्यासारखे काही नाही. ज्यांचा भार दर वेळी साधारण सारखा असतो त्यांना हे पुरे होते.

हवेच्या पिशवीचा फायदा असा, की भार पाहून हवा कमी-जास्त करता येते. परंतु दोन्ही पिशव्यांना एकाच पाइपने जोडू नये, प्रत्येकीला स्वतंत्र झडप असावी. नाहीतर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा दाबून आतल्या पिशवीत जाते आणि गाडी सावरण्याऐवजी आणखी कलते. आंब्याच्या पेट्या उंच रचलेल्या असताना हे फार जाणवेल. रिकामी गाडी चालवतानाही पिशवीत थोडी हवा ठेवावीच लागते, नाहीतर घडी पडून रबर कापले जाते. आमच्याकडे तर बर्फाच्या पाण्यात मिसळलेले मीठ, वाळू आणि माशांचे खवले यांनी पिशवीचे बूड घासून एका हंगामात भोक पडले आणि खेप अर्ध्या वाटेवर तशीच राहिली. मी पुन्हा रबराकडे वळलो.

माझा खरा मुद्दा मिठाचा आहे. समुद्राकाठच्या गाडीचे पाटे भारापेक्षा गंजाने जास्त मरतात. गंजाने पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात, भाराच्या प्रत्येक हिसक्याला त्या खळग्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि तिथून चीर चालू होते. वरून पाटा जाडजूड दिसत असतो. मी हौद्याच्या भोकांना रबरी नळ्या जोडून बर्फाचे पाणी पाट्यांच्या मागे, थेट रस्त्यावर सोडले आहे आणि प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने खालची बाजू धुतो. आधी दर वर्षी एक पाटा तुटायचा. आता तिसरे वर्ष चालू आहे.

यंत्रवेडी

बर्फगाडी यांच्याशी सहमत आहे. एकच भर घालते. पाट्यांमध्ये साधे ग्रीस भरभरून लावण्याची सवय आपल्याकडे आहे, पण त्याला पुळणीची वाळू आणि जांभ्याची धूळ चिकटते आणि त्याची कानशीच तयार होते. पाटे सोडवलेच असतील तर ते घासून कोरडे करावेत, ग्रॅफाइटयुक्त वंगणाचा पातळ हात द्यावा आणि टोकांखालच्या चकत्या झिजल्या असतील तर बदलाव्यात.

खाडीपलीकडचा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. काय निघाले आणि काय केले ते सविस्तर देतो.

जुडी उतरवल्यावर उजवीकडचा दुसरा पाटा, जुडी मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तुटलेला निघाला. चिरेचा अर्धा भाग जुना, काळा आणि उरलेला ताजा, चकचकीत होता. म्हणजे तो बरेच महिने अर्धा तुटलेल्या अवस्थेत चालत होता. यू-बोल्टचे नट हाताच्या पान्याने सहज फिरले. डावीकडच्या तिसऱ्या पाट्यावर, वाढवलेल्या जाड पाट्याचे टोक जिथे येते त्याच रेषेवर, केसासारखी चीर होती. यंत्रवेडीताईंचा अंदाज पाहून पाटेवालाही चकित झाला. शॅकलचे चारही बुश बाद झाले होते.

जुन्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा कमान चढवून देतो, असे एकाने सांगितले होते आणि ते निम्म्या पैशांत होत होते. मी कमानपट्टी यांना संदेशातून विचारले.

कमानपट्टी

ते उत्तर इथेही लिहितो, कारण हा प्रश्न पुष्कळांना पडतो. पाट्याचे पोलाद कडक करण्यासाठी ते लाल तापवून तेलात बुडवतात आणि नंतर सुमारे ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून त्यातला ठिसूळपणा काढतात. त्या दुसऱ्या पायरीवर पाट्याची लवचीकता अवलंबून असते. गॅसच्या ज्योतीने मधेच लाल करून हातोड्याने वाकवलेला पाटा त्या जागी मऊ होतो आणि शेजारी कडक राहतो. कमान छान दिसते, दोन महिन्यांत बसते किंवा तुटते. ज्याच्याकडे पूर्ण भट्टी, तेलाची टाकी आणि तापमान मोजण्याचे साधन आहे त्याच्याकडूनच हे काम घ्यावे. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये, यू-बोल्टजवळ एक ठिपकासुद्धा नको.

खाडीपलीकडचा

म्हणून मी दोन्ही बाजूंना कंपनीची मूळ, हेल्परसह पूर्ण नवी जुडी घातली. सोबत नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट, बुश आणि शॉकअपची जोडी. वाढीव जाड पाटे काढून टाकले. व्हॉल्वची दांडी नव्या उंचीवर पुस्तकातल्या मापाप्रमाणे अधिकृत कार्यशाळेतून जुळवून घेतली आणि ओल्या मोकळ्या रस्त्यावर, रिकामी गाडी सावकाश चालवत, जोरात ब्रेक लावून पाहिले. गाडी सरळ थांबली. परिवहन कार्यालयात विचारून मग मूळ स्टॉपरच्या जागी रबरी हेल्पर बसवले. त्यासाठी चेसिसला एकही नवे भोक पाडावे लागले नाही.

आता रिकामी गाडी डावीकडे ५८०, उजवीकडे ५७८ मिलिमीटर आहे. चिरे मी कोरड्या दिवसांत ३५ आणि पावसात ३२ नेतो आणि पुढच्या फळीला टेकवून रचतो. गेल्या आठवड्यात ३२ ओले चिरे घालून वजन केले. एकूण २,९७४ किलो. मागच्या चाकांवर १,७९२ आणि पुढच्या चाकांवर १,१८२. सुकाणू पूर्वीसारखे जड झाले. गड्याची मात्र कुरकुर आहे, कारण उतरवताना त्याला हौद्यात चढावे लागते. त्याला प्रत्येक खेपेमागे थोडे वाढवून दिले आहे. सांगाडाही काढता येईल का ते पाहतो आहे, कारण १२० किलो म्हणजे चार चिरे मी रोज फुकट फिरवत होतो आणि सांगाड्याची गरज फक्त आंब्याच्या दिवसांत असते.

कमानपट्टी

काम उत्तम झाले. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर, गाडी चाकांवर उभी असताना, यू-बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला पुन्हा आवळून घ्यावेत; नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट थोडे सैल पडतातच आणि आपला पाटा भोकातून तुटला त्याचे मूळ कारण हे सैल बोल्ट होते. हेडलाइट भिंतीसमोर उभे राहून पुन्हा जुळवावेत, कारण मागची उंची बदलली आहे.

घाटमाथा

काल माझ्या तिन्ही गाड्यांच्या खाली जाऊन आलो. एका गाडीची दांडी तारेने बांधलेली आहे, दुसऱ्या गाडीला दांडीच नाही, फक्त व्हॉल्व लोंबतो आहे. तिसरी ठीक आहे. पाटे मी लगेच काढणार नाही, धंदा चालू आहे. पण दांड्या या आठवड्यात लावून घेतो. वाढीव पाट्यांसह दांडी जुळवता येते का?

कमानपट्टी

पुस्तकातले माप मूळ पाट्यांसाठी असते, त्यामुळे वाढीव पाट्यांवर ते जसेच्या तसे लागू होत नाही आणि अंदाजाने जुळवलेला ब्रेक मी तरी कोणाच्या गाडीला देणार नाही. दांडी नसलेल्या गाडीपासून सुरुवात करा आणि तिचे वाढीव पाटे आधी उतरवा. एकेक गाडी दोन दिवस उभी राहील, तेवढे सोसावे लागेल.

घाटमाथा

ठीक आहे. सोमवारी दांडी नसलेली गाडी पाठवतो. खाडीपलीकडचा, आपण काढलेल्या त्या जाड पाट्यांचे काय केले? विकायचे असतील तर मी घेणार नाही, हे आधीच सांगतो.

खाडीपलीकडचा

ते आमच्या गावच्या लोहाराला दिले. एका पाट्याच्या त्याने दोन कोयत्या करून दिल्या, धार उत्तम आहे. दुसरा पाटा त्याने मजुरी म्हणून ठेवून घेतला.